खांद्याच्या ऑपरेशननंतर कपडे कसे घालायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या दवाखान्यातून सुट्टी मिळते, गोळ्यांची चिठ्ठी आणि टाके काढायची तारीख हातात येते. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या आपल्या घरी पोचल्यावर पहिली अडचण येते ती अंगातला शर्ट काढण्याची. पुढचे प्रश्न याच भागातल्या घरांमधून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांमध्ये ‘ऑपरेशनचा हात’ म्हणजे ज्या बाजूच्या खांद्याचे ऑपरेशन झाले तो, आणि ‘झोळी’ म्हणजे दवाखान्यात ज्याला स्लिंग किंवा बेल्ट म्हणतात ती. तुमच्या सर्जननी किंवा फिजिओथेरपिस्टनी काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका. आत नेमके काय शिवले आहे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर कोणती?

घालताना ऑपरेशनचा हात पहिला, काढताना शेवटचा.

कारण साधे आहे. पहिली बाही घालताना अख्खा कपडा मोकळा असतो, त्यामुळे तो हवा तसा हाताकडे नेता येतो. दुसरी बाही घालताना कपडा अंगाला अडकलेला असतो, मग हातालाच मागे-वर वळून बाही शोधावी लागते. हे वळणे चांगल्या हाताला जमते, ऑपरेशनच्या हाताला ते करू द्यायचे नाही. काढताना हेच उलटे: चांगला हात आधी सोडवला की कपडा पुन्हा मोकळा होतो आणि ऑपरेशनच्या हातावरून नुसता घसरवून काढता येतो.

ऑपरेशनच्या आधी कपड्यांची काय तयारी करावी?

आठवडाभर आधी सुरुवात करा. पुढून पूर्ण उघडणारे, नेहमीपेक्षा दोन मापे मोठे, सुती असे चार शर्ट बाजूला काढा. घरातल्या थोराड माणसाचे जुने शर्ट यासाठी नव्यापेक्षा चांगले, कारण ते धुऊन मऊ झालेले असतात. बायकांसाठी पुढून खालपर्यंत बटणांचे किंवा चेनचे गाऊन तीन-चार. इलॅस्टिकचे पायजमे किंवा परकर तीन. मागे पट्टा असलेली, पण बक्कल लावावे लागत नाही अशी चप्पल.

दवाखान्यात जाताना अंगात असलेला कपडाच बऱ्याचदा परत येताना घालावा लागतो हे लोक विसरतात. टीशर्ट घालून गेलेला माणूस येताना अडकतो. जातानाच ढगळ, पुढून उघडणारा शर्ट घाला.

आणखी एक: ऑपरेशनच्या आधी चार दिवस रोज एका हाताने शर्टाची बटणे लावून, नाडी सोडून, केस विंचरून पाहा. कुठे अडते ते दुखणे नसतानाच कळते. केस लांब असतील तर अंबाडा एका हाताने होत नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वेणी घालून घ्या, नंतर घरातल्या कोणाकडून दोन दिवसांनी पुन्हा घालून घ्या.

शर्ट घालायची पद्धत नीट सांगा.

कपडे बदलण्याआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी घेतलेली असू द्या (डॉक्टरांनी लिहिली असेल त्याच वेळापत्रकात बसवून). पाय जमिनीला टेकतील अशा टणक खुर्चीवर किंवा कॉटच्या कडेवर बसा. खाटेसारखे खचणारे नको. खचलेल्या जागेवरून उठताना माणूस नकळत दोन्ही हातांनी रेटा देतो.

शर्टाची सगळी बटणे काढून तो मांडीवर पसरा: आतली बाजू वर, कॉलर पोटाकडे, खालची कड गुडघ्यांकडे. ऑपरेशनच्या बाजूची बाही दोन्ही गुडघ्यांच्या मधून खाली सोडा आणि तिचा मुंढा (बाहीचे खांद्याकडचे तोंड) चांगल्या हाताने मोठा उघडून ठेवा. आता झोळी सोडा. चांगल्या हाताने ऑपरेशनच्या हाताचे मनगट धरून आधार द्या आणि कमरेतून पुढे वाका. ऑपरेशनचा हात अंगापासून सुटून सरळ खाली लोंबेल. तो वर उचलायचा नाही, पुढे न्यायचा नाही, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा फक्त लोंबू द्यायचा. या लोंबण्यात खांद्याचा स्नायू काम करत नाही, वजन हातालाच खाली ओढते. लोंबता हात बाहीत शिरवा आणि चांगल्या हाताने बाही वर ओढत कोपराच्या पुढे, मग खांद्यापर्यंत आणा.

बाही कोपरातच सोडून पुढे गेलात तर पाठीमागून शर्ट ओढताना तो कोपराला मागे खेचतो. सर्वात जास्त कळ इथेच येते. त्यामुळे शिवण खांद्यावर बसल्याशिवाय पुढची पायरी नाही.

मग सरळ बसा, ऑपरेशनच्या हाताचे कोपर पोटाला टेकवून मांडीवरच्या उशीवर ठेवा. चांगल्या हाताने कॉलर धरून मानेमागून दुसऱ्या बाजूला आणा आणि चांगला हात बाहीत घाला. बटणे खालून वर लावत जा. खालच्या दोन कडा डोळ्यांना दिसतात, त्यामुळे काजे चुकत नाहीत. गळ्याकडचे एक-दोन उघडेच राहू द्या. शेवटी झोळी.

काढताना झोळी सोडा, बटणे काढा, चांगल्या खांद्यावरून शर्ट मागे ढकलून तो हात बाहेर काढा, शर्ट मानेमागून पुढे आणा, वाका, आणि लोंबत्या हातावरून बाही खाली सरकवा. पहिल्या दिवसांत या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ धरूनच चला. गाडी दारात उभी करून कपडे बदलायला बसू नका.

पहिल्या दिवशी हात बधिर असतो, तेव्हा काय?

भूल देताना मानेजवळ हाताच्या मज्जातंतूंभोवती इंजेक्शन दिले असेल तर हात साधारण बारा ते चोवीस तास, कधी थोडा जास्त, लाकडासारखा पडून राहतो. त्याला कळ नाही, ताकदही नाही. अशा हाताला स्वतःहून कपडा घालू नका. मदतनीसाने कोपराखाली एक आणि मनगटाखाली एक तळवा ठेवून तो उचलावा. बाहीत बोट मुडपले, शिवणीत अंगठा अडकला तरी रुग्णाला कळत नाही, म्हणून बोटे बाहीबाहेर आली की मोजून पाहा. गरम पाण्याची पिशवी, चहाचा पेला त्या बाजूला नको.

मदत करणाऱ्याच्या हातून कोणत्या चुका होतात?

बोटे धरून हात बाहीतून ओढणे ही पहिली. लहान मुलाला आपण असेच कपडे घालतो, ती सवय हाताला असते. ओढ थेट शिवलेल्या जागेवर जाते. ओढायचे ते कापड, हात कधीच नाही. दुसरी चूक, उठवताना काखेत हात घालणे. उठवायचे असेल तर चांगल्या बाजूला उभे राहून कमरेला आधार द्या. तिसरी म्हणजे न विचारता हात हलवणे. “आता बाही घेतो” एवढे आधी म्हटले तरी रुग्ण अंग आखडत नाही, आणि आखडलेला खांदा सैल खांद्यापेक्षा जास्त दुखतो.

मदत कोणी करायची हेही आधीच ठरवा. सासऱ्यांना सुनेकडून लेंगा बदलून घ्यायला अवघडते, आणि सुनेलाही. मग मामंजी कोणाला न सांगता दार लावून स्वतःच खटपट करतात आणि तिथेच हात झटकला जातो. मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायचे नसेल तर वरचे कपडे सुनेने आणि खालचे नातवाने, अशी सरळ वाटणी घरात बोलून घ्या. यात लाजण्यासारखे काही नाही.

झोळी कपड्यांच्या आत की वरून?

वरून. पट्टा उघड्या मानेवर घासला की दोन दिवसांत कातडी लाल होते, घामाने चिघळते. शिवाय आत घातलेली झोळी नीट बसली आहे का ते दिसत नाही.

नीट बसलेली झोळी अशी: कोपर मागच्या कोपऱ्यात अगदी आत टेकलेले, मनगट कोपराच्या पातळीत किंवा किंचित वर, अंगठा वरच्या दिशेला, आणि कापडाची कड करंगळीच्या मुळापर्यंत आलेली. मनगट झोळीबाहेर लोंबत असेल तर हाताचा पंजा सुजतो. पट्टा फार आवळला तर खांदा कानाकडे चढतो आणि रात्री मान धरते. आरशासमोर बसून दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का पाहा. मानेवर पट्ट्याखाली पंचाची चौपदरी घडी ठेवा.

कमरेला उशी बांधायची झोळी दिली असेल तर आधी सगळे कपडे, मग उशी. उशीचा कमरपट्टा परकराच्या नाडीवर येऊ देऊ नका. दोन्ही एकाच रेषेत आले की पोटाला वळ पडतो.

घरात झंपर किंवा ब्लाउज घातल्याशिवाय चैन पडत नाही. काय करावे?

नेहमीचे घट्ट बाहीचे ब्लाउज पहिले सहा आठवडे बाजूला ठेवा. दंडाला चिकटलेली बाही लोंबत्या हातावर चढत नाही, ती चढवायला हात बाजूला न्यावाच लागतो. पण एक जुना ब्लाउज उसवून कामाचा करता येतो. गल्लीतला शिंपी तासाभरात करून देईल, घरी मशीन असेल तर घरीही होते.

ऑपरेशनच्या बाजूची कुशीची शिवण खालच्या कडेपासून काखेपर्यंत, आणि तिथून न थांबता बाहीच्या तोंडापर्यंत उसवा. ही एकच सलग रेघ असते. बहुतेक ब्लाउजना आत माया (शिवणीत राखलेले जादा कापड) दाबलेली असते, ती पूर्ण मोकळी करा. कमी पडली तर 4–5 सेंटीमीटर रुंदीची सुती पट्टी जोडा. दोन्ही कडा दुमडून शिवा. मग कुशीला तीन आणि बाहीला दोन अशा जागी 2 सेंटीमीटर रुंद वेल्क्रोचे बोटभर तुकडे लावा. वेल्क्रो शिवणसामानाच्या दुकानात मीटरवर मिळते.

इथे एक चूक सर्रास होते. वेल्क्रोची खरखरीत बाजू अंगाकडे तोंड करून शिवली जाते आणि काखेतली नाजूक कातडी सोलते. खरखरीत तुकडा खालच्या पट्टीवर, तोंड बाहेर, आणि मऊ तुकडा वरच्या पट्टीच्या आतून. काखेच्या अगदी खळग्यात तर वेल्क्रो नकोच, तिथे मोकळी फट राहू द्या. धुण्याआधी वेल्क्रो बंद करा, नाहीतर त्यात धागे, केस अडकून ते धरेनासे होते. वेल्क्रोऐवजी सुती बंद लावता येतात, पण बंद बांधायला दोन हात लागतात, म्हणजे रोज कोणीतरी जवळ हवे. टिचबटण एका हाताने दाबताना खालून आधार लागतो आणि तो आधार म्हणजे तुमची फासळी, म्हणून तेही फारसे सोयीचे नाही.

असा उसवलेला ब्लाउज डोक्यातून किंवा हातातून घालायचाच नाही. ऑपरेशनचा हात अंगालगत तसाच ठेवून कापड त्याच्याभोवती लपेटायचे. पुढचे हुक मोठे असतील तर एका हाताने लागतात. बारीक हुक काढून तिथेही वेल्क्रो लावा.

जुन्या वळणाच्या आज्या खणाची गाठीची चोळी घालतात. ती पुढून उघडते हे चांगले, पण बाही दंडाला घट्ट असते आणि गाठ मारायला दोन्ही हात पुढे ताणावे लागतात. बाही उसवून घ्या, गाठ लेकीकडून किंवा सुनेकडून मारून घ्या.

साडी किंवा नऊवारी लुगडे कधी नेसता येईल?

स्वतः नेसायचे तर झोळी सुटेपर्यंत नाही. निऱ्या एका हाताने पडत नाहीत, आणि कासोटा मागे खोवायला हात पाठीमागे न्यावा लागतो. सांधा बदलला असेल तर ऑपरेशनचा हात पाठीमागे नेणे धोक्याचे आहे, नवा सांधा त्याच स्थितीत निसटू शकतो.

दुसऱ्याने नेसवली तर पाचवारी चालते, पण पदराकडे लक्ष द्या. पदर डाव्या खांद्यावर असतो. डाव्या खांद्याचे ऑपरेशन असेल तर काठापदराच्या जड साडीचे ओझे आणि सेफ्टी पिन नेमके जखमेवर येते. अशा वेळी हलकी सुती साडी घ्या आणि पदर पुढून गुंडाळून उजव्या कमरेला खोचा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. डोक्यावरचा पदर घसरला की बाईचा हात विचार करायच्या आत वर जातो. पन्नास वर्षांची सवय आहे ती. कोणी वडीलधारे दारात आले, पदर सावरायला हात उचलला, आणि शिवलेल्या स्नायूला झटका बसला, असे खरेच घडते. त्यामुळे या सहा आठवड्यांत डोक्यावर पदर घेऊच नका. घ्यायचाच असेल तर केसांना दोन पिनांनी लावून टाका. गाऊनवर पाहुण्यांसमोर यायला संकोच वाटतो त्यांनी चांगल्या खांद्यावरून सुती ओढणी तिरकी घ्यावी. अंग झाकते, आणि पडली तर पडली.

ब्रा घालायची का?

पहिले दोन-तीन आठवडे नको. पट्टी जखमेवरून जाते. आधाराची गरज वाटली तर बिनबाह्यांची, पुढून हुकांची मऊ बॉडी घाला. बाळंतिणींसाठी मिळणारे पुढून उघडणारे प्रकार इथे उपयोगी पडतात. नंतर नेहमीची घालताना हुक पोटावर पुढे आणून लावा, मग फिरवून मागे न्या, पट्टी फक्त चांगल्या खांद्यावर घ्या. पाठीमागे हात नेऊन हुक लावायला तीन महिने किंवा जास्त लागतात, काहींना ते पहिल्यासारखे कधीच जमत नाही. ब्रा नसताना स्तनाखाली घाम साचतो, तिथे मऊ सुती फडक्याची घडी ठेवा आणि दिवसातून दोनदा बदला.

बनियन आणि टीशर्ट?

सहा आठवडे नको. बनियनशिवाय करमत नसेल तर ऑपरेशनच्या बाजूचा खांद्यावरचा पट्टा कापून त्याला वेल्क्रो लावा. कोपरी किंवा पुढून उघडणारी बंडी असेल तर उत्तमच, फक्त तिचे बंद दुसऱ्याने बांधावेत.

लेंग्याची नाडी, लुंगी, धोतर यांचे काय?

नेफ्यातून नाडी काढून तिथे 2–3 सेंटीमीटर रुंद इलॅस्टिक घाला, परकरालाही तसेच. बसून दोन्ही पाय घाला, गुडघ्यांपर्यंत ओढा, मग उभे राहून चांगल्या हाताने आधी एक कूस, मग दुसरी कूस वर घ्या. पाठ भिंतीला टेकलेली असू द्या.

लुंगी आणि धोतर टाळा. एका हाताने मारलेली लुंगीची गाठ सुटते, आणि सुटणारी लुंगी पकडायला दोन्ही हात आपोआप धावतात. अशा आपोआप हालचाली याच काळात सर्वात घातक. लुंगीचीच सवय असेल तर तिला कमरेला इलॅस्टिक घालून परकरासारखी शिवून घ्या.

संडासला जाताना कपडे कसे सांभाळायचे?

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठताना हातावर भार येतो. खालून मोकळी असलेली कमोडची खुर्ची काही आठवड्यांसाठी आणा. गाऊन किंवा लांब शर्टाचा घोळ चांगल्या हाताने एकदाच पुढे घेऊन दातांत न धरता झोळीच्या पट्ट्यात खोचा, म्हणजे धुवायला हात मोकळा राहतो. डावा खांदा ऑपरेशनचा असेल तर उजव्या हातानेच धुवावे लागेल. पुष्कळांना हे मनाला पटत नाही आणि ते डावा हात मागे नेतात. नेऊ नका. पाण्याचा जेट बसवून घ्या, साबण उजव्या बाजूला ठेवा.

आंघोळ आणि काखेची स्वच्छता? पावसाळ्यात तर वास येतो.

टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, जखम कोरडी. अंग ओल्या पंचाने पुसून घ्या, कमरेखाली स्टुलावर बसून पाणी घेता येते. काख धुण्यासाठी हात वर करायचा नाही. शर्टासाठी वाकता तसेच वाका, लोंबता हात अंगापासून सुटला की काखेत वीतभर जागा होते. तेवढ्यातून ओला फडका फिरवा, मग कोरडा. काखेत हातरुमालाएवढ्या मलमलीची सैल घडी ठेवून झोळी लावा, दिवसातून दोन-तीन वेळा बदला.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत. दमट झोळी चोवीस तास अंगावर राहिली की काखेत खाज, लाल चट्टे, पांढरी साल अशी बुरशी धरते. झोळ्या दोन घ्या. एक धुतली की दुसरी. साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, पंख्याखाली वाळवा. चुलीवर किंवा बंबाजवळ टांगली तर वेल्क्रो वाकडे होते आणि धुराचा वास लागतो. चट्टे दिसले तर घरातले कुठलेही मलम न लावता डॉक्टरांना दाखवा, जखम जवळच असते.

बाहेर जायचे असेल तर बाहीचा रेनकोट नको, डोक्यावरून सोडायचा घोळदार पोंचो दुसऱ्याने घालावा, ऑपरेशनचा हात झोळीसकट आत. छत्री चांगल्या हातात धरली की बसची दांडी धरायला हात उरत नाही, म्हणून एकट्याने बसमध्ये चढू नका.

बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, जानवे?

ऑपरेशनच्या हातातल्या बांगड्या, पाटल्या आणि अंगठी आधीच काढा. नंतर पंजा सुजला की अंगठी कापावी लागते. काचेची बांगडी झोळीत फुटली तर काच आत राहते. सौभाग्याच्या म्हणून दोन हिरव्या बांगड्या चांगल्या हातात ठेवता येतात.

मंगळसूत्र झोळीच्या पट्ट्याखाली दबले तर मण्यांचे वळ मानेवर उठतात. लांब असेल तर शर्टाच्या बाहेर, पट्ट्याच्या वरून सोडा, किंवा काही दिवस काळ्या मण्यांची हलकी पोत घाला. जानवे डाव्या खांद्यावरून जाते, डावा खांदा असेल तर दोरा जखमेवर घासतो. ते माळेसारखे गळ्यात निवीत करून ठेवावे, ही स्थिती शास्त्राला मान्यच आहे.

थंडीत स्वेटर?

पुढून बटणांचा. चांगला हात बाहीत, दुसरी बाजू झोळीवरून नुसती पांघरायची आणि छातीखालची दोन बटणे लावायची. घोंगडे नको, त्याचे वजन खांद्यावर येते. हलकी शाल चांगली.

घरी येताना गाडीत पट्टा कसा लावायचा?

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, मागच्या उजव्या सीटचा उजव्या खांद्यावरून. म्हणून डाव्या खांद्याचे ऑपरेशन असेल तर मागे उजवीकडे, उजव्याचे असेल तर पुढे किंवा मागे डावीकडे बसा. पट्टा लावायचाच, झोळीच्या वरून. कोपराखाली छोटी उशी ठेवा.

लग्नाला जाता येईल का?

तीन-चार आठवड्यांनंतर, बरे वाटत असेल तर. झोळी शालीखाली लपवू नका. ती दिसली की लोक त्या बाजूने गळ्यात पडत नाहीत आणि खांद्यावर थाप मारत नाहीत. अक्षता चांगल्या हाताने टाका. नमस्काराला हात जोडण्याऐवजी मान लववली तरी सगळ्यांना समजते.

हे सगळे किती दिवस?

ऑपरेशन कोणते यावर ठरते. फाटलेला स्नायू (रोटेटर कफ) दुर्बिणीतून शिवला असेल तर झोळी साधारण चार ते सहा आठवडे. कपडे घालताना या काळात हात स्वतःच्या ताकदीने उचलायचा नाही. शिवलेला स्नायू हाडाला चिकटायला तेवढा वेळ लागतोच, दुखणे थांबले म्हणून तो लवकर चिकटत नाही. सांधा बदलला असेल तर झोळी तीन ते सहा आठवडे आणि हात पाठीमागे न नेण्याचे पथ्य सहा ते बारा आठवडे. त्यात शर्ट मागून खोचणे, पाकीट मागच्या खिशात ठेवणे, पाठ चोळणे सगळे आले. सारखा निखळणारा खांदा दुरुस्त केला असेल तर तीन ते सहा आठवडे, आणि तिथे पथ्य वेगळे: हात बाजूला उचलून बाहेर वळवायचा नाही, म्हणजे मागे धरलेल्या कोटाच्या बाहीत हात घालतो तशी हालचाल नको. नुसते हाड घासून जागा मोकळी केली असेल तर काही दिवसांत झोळी सुटते.

कधी लगेच दवाखाना गाठायचा?

कपडे बदलताना खांद्यात ‘कट्’ झाले आणि त्यानंतर हाताचे बळ गेले. खांद्याचा आकार अचानक बदललेला दिसतो. जखमेतून पू किंवा पाणी झिरपते, शर्टाला पिवळा डाग येतो, ताप भरतो. भूल उतरूनही बोटे बधिर राहतात, निळसर किंवा गार पडतात. दंड किंवा पोटरी सुजून दुखते. छातीत दुखते किंवा दम लागतो. यातले काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

शेजारच्या मावशींना दुसऱ्याच दिवशी हात वर करायला सांगितले, मला का नाही?

त्यांचा खांदा बहुधा आखडलेला होता आणि तो सैल करण्याचे ऑपरेशन झाले. तिथे काही शिवलेले नसते, उलट हात थांबला तर पुन्हा आखडतो. म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून कपडे स्वतः घालायला, केस स्वतः विंचरायला लावतात. तुमच्या खांद्यात टाके आहेत. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर ऑपरेशनचे नाव लिहिलेले असते, ते फिजिओथेरपिस्टकडून मराठीत समजून घ्या आणि ‘काय करायचे नाही’ हे त्याच कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.